त्यांना ऐकू आलेली हाक

गेल्या वर्षी चैत्रात मी गडावर गेले नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. आमच्या सुरतेच्या नवागाममधून खानदेशी माणसांचा जथा सप्तशृंगी आईच्या गडावर पायी निघतो. मुक्काम कुठे करायचा, पाण्याची गाडी कुठे उभी करायची, पायाला फोड आलेल्या बाईला टेम्पोत कधी बसवायचं, हे सगळं मीच ठरवत आले आहे. पण व्हिसासाठी हाताचे ठसे द्यायला अहमदाबादला बोलावलं तेही नेमकं त्याच आठवड्यात. कोपनहेगनला राहणाऱ्या लेकीने जहाजाची सगळी तिकिटं काढून ठेवलेली होती, तारीख पुढे ढकलता येईना. माझ्याकडे साड्यांना लेस लावायला येणारी एक जुनी बाई सुई ओवता ओवता आमच्या अहिराणीत म्हणाली, "ताई, आईले सोडीसन बोटमा फिराले चालन्या का?" ती हसत हसत बोलली होती, पण मला ते लागलं. मी वरवर म्हटलं, आई काय गडावरच बसलेली असते का? म्हटलं खरं, पण मनातून ते जाईना.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. लग्न होऊन शिरपूरकडच्या खेड्यातून सुरतेला आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. यांचं काम लूम्सच्या खात्यात. बारा तास आठ सांच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मधोमध उभं राहायचं आणि तुटलेला धागा दिसला की जोडायचा. त्या खडखडाटाने पस्तीस वर्षांत त्यांचे दोन्ही कान नेले. मी घरात बसून साड्यांना लेस लावायला सुरुवात केली आणि हळूहळू पंधरा बायका माझ्याकडे कामाला आल्या. पर्वत पाटियाच्या मार्केटमधून गठ्ठे येतात ते आजही माझ्या नावावर. यांना ऐकू येत नाही म्हणून बँकेत मी बोलायचे, डॉक्टरांशी मी बोलायचे, लेकीच्या सासरच्यांशीही मीच. माझ्या ओठांकडे बघून त्यांना माझं बोलणं समजतं, बाकी कोणाचं फारसं समजत नाही. मला याचा आत कुठेतरी अभिमानच होता. आईपुढेही मी त्याच तोऱ्यात उभी राहायचे. बाकीच्या बाया पदर पसरून मागायच्या, मी नुसते हात जोडायचे. मी मागणारी नाही, असं मला वाटायचं, आणि यालाच मी भक्ती समजत होते.

जूनमध्ये आम्ही कोपनहेगनहून जहाजात बसलो. मी, हे आणि आमची वैशाली. सात दिवसांचा प्रवास. जहाज कसलं, आमच्या शेजारच्या डिंडोलीतल्या दोन सोसायट्या एकावर एक ठेवून पाण्यात सोडल्यासारखं. उत्तरेकडे नॉर्वे देशात समुद्राचं पाणी डोंगरांच्या पोटात मैलोनमैल शिरलेलं असतं, त्याला तिकडे फियोर्ड म्हणतात. दोन्ही बाजूंना काळे कडे, त्यांवरून पांढरे धबधबे सुटलेले आणि खाली पाणी इतकं शांत की जहाज चाललंय की डोंगर सरकताहेत ते कळत नाही. केबिनमधल्या आरशाला टेकवून मी आईची तसबीर ठेवली होती. जहाजात काडी पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीवरचा दिवा नेला होता. पण दिवेलागण धरायची कधी? तिकडे त्या दिवसांत रात्री दहालाही आपल्याकडच्या पाच वाजल्यासारखं ऊन असतं. शेवटी मी घड्याळ बघून सातला दिवा लावायचं ठरवलं. हे मिशीतल्या मिशीत हसले.

तिसऱ्या दिवशी जहाज एका अरुंद फियोर्डच्या टोकाला नांगर टाकून उभं राहिलं. समोर लहानसं गाव, लाकडी घरं, काही घरांच्या छपरांवर चक्क गवत वाढलेलं. किनाऱ्यावर जायला लहान बोटी होत्या आणि परतीची शेवटची बोट साडेचारला होती. वैशालीला आदल्या दिवसापासून बोट लागली होती, उलट्या होऊन ती पडूनच होती. ती म्हणाली, "मम्मी, तुम्ही दोघंच जाऊन या. पण गावातच फिरा हं, वर चढू नका." मी म्हटलं, "अगं, गड चढणारी बाई मी. मला काय शिकवतेस?" तिने तिचा फोन दिला तो यांनी जाकिटाच्या खिशात टाकला. निघताना पाहिलं तर यांच्या कानाचं मशीन टेबलावरच. वाऱ्याने त्यात घों घों आवाज होतो म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं होतं. मी तिथेच चार शब्द सुनावले. ते मशीन तसंच ठेवून दार उघडून बाहेर पडले.

गावातून एक पायवाट वर जात होती. शेळ्यांचा एक गोठा लागला, त्याच्या पुढे कुंपणाचं फाटक, आणि फाटकाच्या वर दगडांवर लाल रंगाच्या खुणा. वर धबधब्याजवळ जाऊन सगळा फियोर्ड दिसतो असं जहाजावरच्या एका जोडप्याने सांगितलं होतं. मी साडीतच, पायात बूट घालून, तासाभरात वर पोचले. येणारेजाणारे गोरे माझ्या साडीकडे कौतुकाने बघत होते आणि मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? वरून आमचं जहाज काडेपेटीएवढं दिसत होतं. यांनी हात जोडले. कोणाला, ते मी विचारलं नाही.

आणि मग धुकं आलं. आपल्याकडे धुकं पहाटे पडतं आणि ऊन वर आलं की निघून जातं. तिथे ते भर दुपारी डोंगरावरून भिंतीसारखं उतरलं. पाठोपाठ बारीक पाऊस. वरचे लोक घाईघाईने उतरून गेले. आम्हीही निघालो. हे पुढे, मी मागे. माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाकले. वर पाहिलं तर हे दिसेनात. मी ओरडले, "अहो, थांबा!" कोणाला सांगत होते? मला राग आला. मागे वळून बघायचं कळत नाही का या माणसाला, असं पुटपुटत मी वळणाची वाट सोडली आणि मधून सरळ उतरायला लागले. तिसऱ्या की चौथ्या पावलाला ओला दगड पायाखालून निसटला.

पडले तेव्हा घोट्यातून आलेला आवाज मी स्वतः ऐकला. काडी मोडावी तसा. उठायला गेले तर डोळ्यांपुढे काळोखी आली. डाव्या पायाचा घोटा बघता बघता सुजून फुगला. मी दोन दगडांच्या मधल्या घळीत पडले होते आणि वाटेवरून कोणी गेलं असतं तरी त्याला मी दिसले नसते. मी हाका मारायला सुरुवात केली. मराठीत मारल्या, हिंदीत मारल्या, गुजरातीत मारल्या. "हेल्प" म्हणूनही ओरडून पाहिलं. जवळच्या धबधब्याचा आवाज इतका मोठा की माझी हाक मलाच पुरती ऐकू येईना. शेवटी मी जे एकेचाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. यांच्या नावाने हाक मारली. पुन्हा पुन्हा, पूर्ण नाव घेऊन. डोंगरात ते नाव कुठे गेलं, माहीत नाही. आणि ज्याला हाक मारत होते तो माणूस बहिरा.

थंडी साडीतून आत शिरली. दात वाजायला लागले. तेव्हा त्या बाईचं बोलणं आठवलं, आईले सोडीसन चालन्या का. मनात आलं, ही शिक्षा आहे. एकोणीस वर्षं गेले आणि एकदा चुकवलं, तर आईने पायच काढून घेतला. मी थोडा वेळ आईवर चिडलेही. मग चिडायचंही त्राण राहिलं नाही. मी किती वेळ काय काय करून पाहिलं होतं: पट्टीसारखा पदर पायाला गुंडाळला, हातांवर सरपटून पाहिलं, दगडावर दगड आपटून आवाज केला. यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. आपल्याला करण्यासारखं आता काहीही उरलेलं नाही, ही गोष्ट माझ्या आयुष्यात मला तेव्हा पहिल्यांदा समजली. मी डोकं मागे दगडाला टेकवलं आणि म्हणाले, "आई, मी थकले. माझ्याने होत नाही. आता तू बघ."

एवढंच. कसला नवस बोलले नाही. पण ते म्हटल्यावर माझं रडणं थांबलं. दुखत होतं, थंडी होती, सगळं होतं, पण भीती नव्हती. लहानपणी गावच्या यात्रेतून परतताना बैलगाडीत आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे, गाडी कुठे चालली आहे ते बघायची गरज नसायची, तसं वाटलं. अठरा हातांच्या देवीपुढे मी इतकी वर्षं माझे दोनच हात मिरवत आले होते, हे तिथे पडल्या पडल्या कळलं आणि त्या अवस्थेतही मला थोडं हसू आलं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. धुक्यातून आधी यांची टोपी दिसली, मग हे. धापा टाकत वर येत होते, आणि वाटेने न येता सरळ माझ्या घळीकडेच. माझ्याजवळ बसले, पायाकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उठू नको. मी शे ना आठे." आहे ना मी इथे, एवढंच. त्यांचा आवाज बहिऱ्या माणसांचा असतो तसा मोठा आहे. मला त्याची नेहमी लाज वाटायची, चारचौघांत मी त्यांना हळू बोला म्हणून खुणावायचे. त्या दिवशी त्या आवाजाइतकं गोड मी काही ऐकलेलं नव्हतं.

त्यांच्या मागून एक बाई आली. सत्तरीच्या पुढची, उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस सगळे पांढरे. गोठ्याची मालकीण. तिने अंगातला लोकरीचा स्वेटर काढला आणि माझ्या पायाभोवती गुंडाळला. मग माझे दोन्ही गाल आपल्या तळव्यांत धरून चोळले. तिच्या हातांना शेळीच्या दुधाचा वास येत होता. फाटकापर्यंत तिची चार चाकांची शेतातली गाडी येऊ शकत होती, पण तिथून वर नाही. यांनी माझ्याकडे पाठ केली आणि खाली बसले. मी म्हटलं, "अहो, तुमचं वय काय, माझं वजन काय!" पण त्यांची पाठ माझ्याकडे होती, ओठ दिसत नव्हते. सहासष्ट वर्षांच्या माणसाने मला पाठुंगळी घेतलं आणि ती म्हातारी पुढे होऊन, एकेक दगड पायाने चाचपून, कुठे पाऊल ठेवायचं ते दाखवत राहिली.

गाडीत बसवल्यावर तिने धक्क्यावर फोन केला. तिकडून निरोप आला की बोट थांबवली आहे. बोटीतल्या लोकांनी मला खुर्चीसकट उचलून घेतलं. निघताना मी तिला स्वेटर परत द्यायला लागले तर तिने तो माझ्या पायावरच दाबून ठेवला आणि मान हलवली. मी हात जोडले. तिनेही जोडले, थोडे चुकीचे, बोटं एकमेकांत अडकवून.

जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंनी एक्सरे काढला. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पण सरकलेलं नव्हतं. ऑपरेशनची गरज नव्हती, प्लास्टर पुरणार होतं. वैशाली रडून रडून लाल झाली होती. यांना ती गुजरातीत, मराठीत, हातवारे करून एकच विचारत होती, "पप्पा, तुम्ही परत कसे फिरलात? तुम्हाला कसं कळलं?" माझ्याही मनात तेच होतं.

हे म्हणाले की ते आपल्याच तंद्रीत जवळजवळ गोठ्यापर्यंत उतरले होते, मी मागेच आहे असं समजून. तिथे कोणीतरी त्यांना नाव घेऊन हाक मारली. वळून पाहिलं तर मी नाही. गोठ्याच्या दारात ती म्हातारी बादली घेऊन उभी होती. त्यांना वाटलं, तिनेच मारली. तिच्याकडे गेले, आणि मग मी मागे नाही हे लक्षात येऊन त्यांनी तिला वर बोट करून दाखवलं, खांद्यावरून साडीचा पदर हाताने आखून दाखवला. तिने आम्हाला जाताना पाहिलेलं होतं. ती बादली ठेवून त्यांच्यामागे निघाली.

"मम्मीचीच हाक ऐकली असेल," वैशाली म्हणाली. यांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुना आवाज नही व्हता. तुना आवाज मी इसरी गयू का?"

दुसऱ्या दिवशी वैशालीने जहाजातल्या ऑफिसातून त्या बाईचा नंबर मिळवून तिला आभाराचा फोन केला. तिला थोडं इंग्रजी येत होतं. वैशालीने विचारलं, तुम्ही माझ्या वडिलांना हाक मारली होती का? ती म्हणाली, मी तर नुसती बादली धुवायला बाहेर आले होते, तुझ्या वडिलांचं नाव मला कुठून माहीत असणार? हे मला वैशालीने सांगितलं. मी यावर कोणाशी वाद घालत नाही. माझा जावई म्हणतो, बहिऱ्या कानांत कधीकधी आपोआप आवाज उमटतात. असेल तसंही. हे दर वेळी एवढंच सांगतात की हाक आली म्हणून वळलो. मला तेवढं पुरे आहे.

मी पडले त्याच संध्याकाळी मी जहाजावरच्या दवाखान्यातच झोपून होते. सात वाजून गेल्यावर हे आत आले आणि म्हणाले, "दिवा लायी उनू." आईपुढे दिवा लावून आले होते, मी सांगितलं नव्हतं.

पुढचे चार दिवस चाकांच्या खुर्चीत गेले. ऑलेसुंड, बर्गन, स्टावांगर, अशी समुद्रकाठची शहरं. मी निघताना प्रत्येक शहरात काय बघायचं त्याची यादी करून आणली होती. वैशाली म्हणाली, केबिनमध्येच आराम कर, पण हे ऐकेनात. पावसाची टोपी माझ्या डोक्यावर चढवली आणि खुर्ची ढकलत निघाले. मी म्हणायचे, डावीकडे घ्या, ते जुनं चर्च बघायचंय. खुर्ची सरळ जायची. आणि मग माझ्या लक्षात आलं. हे माझ्या मागे उभे होते. त्यांना माझे ओठ दिसत नव्हते. चाळीस वर्षं मी यांना रस्ता दाखवला, आणि आता माझं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. पहिले दोन तास मी मान वळवून वळवून थकले. मग गप्प बसले. मग आजूबाजूला बघायला लागले.

त्यांनी मला कुठे नेलं? मासळी बाजारात, जिथे एका कोळिणीने यांच्या हातात जिवंत खेकडा दिला आणि दोघंही खुणा करत इतके हसले की लोक जमले. बंदरावर, जिथे जाड दोर कसे गुंडाळतात ते हे अर्धा तास बघत राहिले आणि शेवटी एका खलाशाने त्यांना एक गाठ शिकवली. बर्गनच्या रंगीत लाकडी घरांच्या मागच्या बोळात, जिथे यादीतलं काहीच नव्हतं, एक म्हातारा खिडकीत बसून जाळं विणत होता. माझ्या नवऱ्याला लोकांशी बोलता येत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले होते. त्यांना बोलता येत होतं. मीच मध्ये उभी होते.

घरी सुरतेला आल्यावर सहा आठवडे प्लास्टर होतं. लेसचं काम बायकांनी आपापसात वाटून घेतलं. मला वाटलं होतं सगळं विस्कटेल. एकही गठ्ठा उशिरा गेला नाही. गडाबद्दल बोललेली ती बाई रोज दुपारी डब्यातून माझ्यासाठी काहीतरी आणायची. मी तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या प्लास्टरला हात लावून तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला. मी ओरडले, "अगं, हे काय करतेस!" ती म्हणाली, "राहू दे ताई."

शिक्षा झाली असं आता मला वाटत नाही. आई रुसणारी असती तर तिने इतक्या लांबच्या धुक्यात मला शोधलंच नसतं. मी आता मागते. लहानसहान गोष्टीही मागते. मिळतातच असं नाही, पण मागताना मान आपोआप खाली जाते आणि मन हलकं होतं, हे मला बासष्टाव्या वर्षी समजलं. समजलं हेच खूप.

प्लास्टर काढलं त्या दिवशी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं. म्हणाली, "मासी, दोन्ही हातांनी दांडी पकडा आणि पहिलं पाऊल टाका. घाबरू नका." पलीकडच्या टोकाला हे उभे होते. पाय काडीसारखा झाला होता, माझा मलाच ओळखू येत नव्हता. मी उजव्या हाताने दांडी धरली. डावा हात, तिने सांगितलं नव्हतं तरी, मी पुढे केला. मोकळा, तळवा वर करून. हे दोन पावलं आत आले आणि त्यांनी तो धरला.

आई, तुझे उपकार. मी पाऊल टाकलं.